आवाज बंद करून खेळायचा बोंड्या

या सदरात अतर्क्य अनुभव लिहिणाऱ्या मंडळींना मी आजवर मनातल्या मनात बरंच हसलेय, हे आधीच कबूल करून टाकते. मी शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी आठवीच्या वर्गात लिंबू कापून त्यातून ‘रक्त’ काढून दाखवते. चाकूला आधी मिथाइल ऑरेंज लावून ठेवायचं, बस्स. मग विचारते, "बोला, कुणी करणी केली?" पोरं खो खो हसतात. शेजारच्या काकू दारावर लिंबू-मिरची टांगतात, त्यांनाही मी सोडत नाही. तर अशा बाईने इथे लिहायला बसावं म्हणजे काहीतरी झालं असणार, एवढं समजून वाचा.

आम्ही सुरतला गोडादऱ्यात राहतो. तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण तिची मर्जी असेल तेव्हाच चालते. घरात मी, माझा नवरा नितीन — तो पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये आहे — आणि गेल्या दिवाळीपासून माझे वडील, आप्पा. मुलगा पुण्याला शिकतो. आप्पांचं उभं आयुष्य लूम्सच्या खात्यात गेलं. खातं म्हणजे आमच्याकडे पॉवरलूमचा कारखाना. माझी आई, म्हणजे माय, सहा वर्षांपूर्वी गेली.

दिवाळी झाली आणि आप्पांना लकवा झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं मात्र शाबूत होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं... आणि तेच जास्त जीवघेणं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका, जे परत यायचं ते बहुतेक याच काळात येतं. आणि आप्पा? भिंतीकडे तोंड करून पडून. मी घास भरवायला गेले की ओठ घट्ट मिटायचे. लेकीच्या हातून भरवून घेणं त्यांना सोसत नव्हतं आणि स्वतःच्या हाताने जेवता येत नव्हतं. दीड महिन्यात माणूस निम्मा झाला. फिजिओवाली हेतल रोज यायची, मऊ चेंडू हातात द्यायची, "हलावो जोईए, दादा" म्हणायची. चेंडू घरंगळत कॉटखाली जायचा आणि मी वाकून काढायचे. मला रडू यायचं आणि रागही यायचा. खरं सांगते, राग जास्त.

आता थोडं मागे जावं लागेल.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आम्ही लिंबायतला एका खोलीत राहायचो. आप्पा रातपाळीला. सकाळी यायचे, चहा-भाकरी झाली की डोळ्यांवर गमछा टाकून भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्यांची झोप म्हणजे घरातला कायदा होता. अपुऱ्या झोपेने लूमवर उभं राहणाऱ्याचं बोट जातं, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. माय दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायची. घरी आणलेलं काम. तिच्या बोटांना कायम गोंद.

शेजारची मंडळी खोली सोडून गेली तेव्हा जाताना माझ्यासाठी एक व्हिडिओ गेम ठेवून गेली. टीव्हीला लावायचा, सोबत वायरचा रिमोट आणि एकच पिवळी कॅसेट. तिच्यावरचं चित्र खरवडून गेलेलं, नाव कुठल्यातरी चिनी-जपानी अक्षरात. त्यात एक गोलमटोल पिल्लू होतं. काय होतं देव जाणे — बदक नाही, ससा नाही. डोक्यावर पानांची टोपी. आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पांढरंशुभ्र दिसायचं. माय बघून म्हणाली, "कापूसना बोंडना मायक दिखस." कापसाच्या बोंडासारखं दिसतं. झालं, तो बोंड्या.

तुम्हाला सांगते, इतका गोड गेम मी पुन्हा पाहिला नाही. बोंड्या कुणाला मारत नाही. तोंडातून फुगे सोडतो आणि फुगा लागला की समोरची गोगलगाय, घुबड, रुसका बेडूक — सगळे झोपून जातात. ते घोरत असताना त्यांच्यावरून अलगद उडी मारायची. ज्या जमिनीवर बोंड्या चालतो तिथे मागे फुलं उगवतात. खड्ड्यात पडला तरी मरत नाही, टोपी सावरत दुसरीकडून वर येतो आणि लाजतो. अगदी लाजतो, गाल फुगवून!

दुपारी तीनच्या सुमाराला माय साडी बाजूला सारायची आणि आम्ही दोघी खेळायचो. टीव्हीचा आवाज बंद. बोलायचं नाही. जरा कुठे मी चीत्कार केला की कानात येऊन म्हणायची, "हयू हयू खेय वं, तुना बाप उठी जाई." मग बोलायचं कसं? तर खात्याच्या खुणांनी. लूम्सच्या आवाजात कारागिरांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही, म्हणून ते हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. वळलेली मूठ म्हणजे मशीन थांबव. अंगठा ओठांना लावला की चहा. आप्पा घरीही अर्धं असंच बोलायचे, त्यामुळे मायला आणि मला सगळं येत होतं. आम्ही ते गेमला लावलं. कात्री म्हणजे पुढे खड्डा. मूठ म्हणजे थांब.

एक खूण मात्र मायची स्वतःची होती. चौथ्या भागात एक विहीर लागते. एकदा माय विहिरीच्या कडेला बोंड्याला उभा करून, रिमोट खाली ठेवून, निसटलेली एक टिकली चिकटवत बसली. बोंड्याने जांभई दिली, बसला, डुलकी काढली... आणि विहिरीतून दोरीला बांधलेली एक टोपली वर आली आणि त्याला घेऊन ढगांत गेली! वर एक अख्खा भाग लपलेला होता. त्या दिवसापासून विहीर आली की माय दोन्ही तळवे वर करून बोटं झटकायची, गोंद झटकल्यासारखी. म्हणजे — हात सोड, वाट बघ. ही खूण खात्यात नव्हती. ती जगात दोघींनाच माहीत होती. आप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या पाठीमागे हे चालायचं आणि माय शेवटपर्यंत म्हणायची, त्यांना सांगू नको, झोपमोड व्हायची म्हणून चिडतील.

माझं लग्न झालं, मधे रेल आली. तापीच्या पुराला आम्ही इथे रेलच म्हणतो. त्यात तो टीव्ही, गेम, सगळं गेलं. बोंड्याला मी विसरूनही गेले.

तर या जानेवारीत नितीनने स्वतःच्या हौसेसाठी एक खेळणं मागवलं. काडीएवढी वस्तू, टीव्हीच्या मागे खोचायची, सोबत दोन बिनवायरचे रिमोट, आत जुने हजारो गेम. दोन रविवार खेळला आणि विसरला. नितीनच्या सगळ्या हौशींचं असंच होतं. एका शनिवारी मी शाळेतून आले, हॉलमध्ये आप्पांच्या कॉटशेजारी बसले आणि सहज यादी चाळायला लागले. यादीच्या पार तळाशी एक ओळ, नाव म्हणजे नुसते चौकोन. उघडली... आणि पानांची टोपी!

मी ओरडलेच, "बोंड्या!" आणि पहिल्यांदाच कळलं की तो पांढरा नव्हताच, फिक्कट गुलाबी होता. आणि त्याला गाणं होतं. गंमत बघा, ज्या गेमचा कोपरा न् कोपरा मला पाठ, त्याचं संगीत मी त्रेचाळिसाव्या वर्षी ऐकत होते.

मागून कॉट करकरली. आप्पा कुशीवर वळले होते. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा, कुणी हात न लावता. ते टीव्हीकडे बघत होते. मग डावी मूठ कानाजवळ नेऊन वळली. थांबव. काय थांबवू? मी गेम बंद करायला गेले तर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कानाकडे मूठ. आवाज. आवाज बंद कर. मी आवाज बंद केला आणि त्यांनी डावा हात पुढे केला.

रिमोट दिला. डाव्या अंगठ्याने बोंड्याला चालवायला लागले. उडीचं बटण उजवीकडे, त्याला उजवा अंगठा लागतो. तो मी माझ्या हाताने धरून दाबत होते. तीन-चार दिवसांत तो अंगठा माझ्या हाताखाली जरासा हलला. मी म्हटलं भास. सातव्या-आठव्या दिवशी हेतल समोर असताना पुन्हा हलला, आणि ती पोरगी टाळ्या पिटत म्हणाली, "सरस! बेन, रमवा दो ने एमने!" खेळू द्या त्यांना. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

आता इथपर्यंत सगळं विज्ञान आहे. आवाजाचा त्रास लकव्याच्या माणसाला होतो. आवडीच्या कामाने हात लवकर चालतो. मी स्टाफरूममध्ये हे सगळं उत्साहाने सांगितलंसुद्धा.

मग एका दुपारी मी ओट्याशी चहा टाकत होते. स्वयंपाकघरातून कॉट दिसते. आप्पा खेळताना मधेच थांबून डावीकडे बघत होते. कॉटच्या पायथ्याशी, शोकेसच्या बाजूला, जमिनीकडे. नजर शून्यात असते तशी नव्हती. खाली बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तेवढ्याच उंचीवर होती. त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि थांबले. उत्तराची वाट बघतात तसे. मग मान डोलावली, टीव्हीकडे वळले आणि खड्डा चुकवला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मेंदूला मार बसलाय, कधी कधी माणसं दिसतात, घाबरू नका. पटलं. पटवून घेतलं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी कॉटच्या कडेला बसले होते. चौथा भाग आला, विहीर आली. मला विहीर आठवली, पण मी गप्प होते. मुद्दाम नव्हे, मला वाटलं बघू कसे जातात. आप्पांनी शोकेसकडे पाहिलं. मग रिमोट मांडीवर ठेवला. डावा तळवा वर केला. आणि बोटं झटकली. गोंद झटकल्यासारखी.

पडद्यावर बोंड्याने जांभई दिली, बसला, आणि टोपली वर आली.

नितीन म्हणाला, अगं, मायनेच कधीतरी सांगितलं असेल त्यांना, नवरा-बायको होती ती. असेल. मी नाही म्हणत नाही. पण मी इंटरनेटवर शोध शोध शोधलं. या गेमवर एकच पान सापडलं, कुणा हौशी माणसाचं — ‘गोड आहे, सोपा आहे, सगळे विसरले आहेत’ — आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून दाखवलेला एक व्हिडिओ. त्यात टोपली नाही. तो माणूस विहिरीवरून उडी मारून पुढे निघून जातो.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी घाबरले होते, आणि घाबरलेली मास्तरीण फार वाईट. पुढच्या दुपारी आप्पा शोकेसकडे बघून हसले, तेव्हा मी मधे जाऊन उभी राहिले, बरोबर त्या जागेवर. म्हटलं, "आप्पा, इथे कुणी नाही. माय नाही इथे. माय जाऊन सहा वर्षं झालीत." आणि रिमोट काढून घेतला.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या पायांकडे बघितलं. मी कुणावर उभी आहे, असं बघितलं. मग भिंतीकडे वळले.

आठ दिवस. जेवण बंदच म्हणा, दोन चमचे पेज गेली तर गेली. मी रिमोट परत दिला तर हातातून गळून पडला. अंगठा पुन्हा मेला. हेतलने दाबून पाहिलं, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बेन, टाइम जाय छे." वेळ चाललीय, हे मला तिने सांगायची गरज नव्हती. मी कॅलेंडर बघत नव्हते, इतकंच.

नवव्या दिवशी रविवार होता. नितीन गावाला गेला होता. आठवडाभराच्या जागरणाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. तीन वाजता मी टीव्हीवर बोंड्या लावला, आवाज बंद केला, रिमोट आप्पांच्या हाताखाली सरकवला आणि जमिनीवर गादी टाकून आडवी झाले. खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून आप्पांचा गमछा तोंडावर घेतला आणि भिंतीकडे वळले. खरंच झोपायचं होतं हो. मनात काही नव्हतं.

झोप लागता लागता बटणाचा आवाज आला. टक. बऱ्याच वेळाने दुसरा, टक. आप्पांचा डावा अंगठा, मला तो ओळखू येत होता.

आणि मग — टकटकटक, चट्.

पुन्हा, टकटकटक, चट्. माय फुगे असेच सोडायची. तीनदा भरभर, आणि तिच्या बोटांच्या गोंदाने बटण चिकटून बसायचं ते ओढून सोडवायची, त्याचा तो चट्. दुपारच्या त्या खोलीत ऐकू येणारा तेवढा एकच आवाज असायचा. हा नितीनचा रिमोट नवाकोरा होता. दुसऱ्या रिमोटचे सेल काढून मी भिंतीवरच्या घड्याळाला घातले होते. आणि ज्याला चमचा धरता येत नव्हता, तो माणूस तीनदा भरभर बटण दाबत नाही.

आवाज कॉटवरून येत नव्हता. खालून येत होता, जमिनीवरून, माझ्या पाठीपासून दोन-तीन हातांवर.

मी विज्ञानाची बाई. मी डोळे उघडून वळायला हवं होतं. आयुष्यभर पोरांना हेच सांगितलं — बघा, तपासा, मग विश्वास ठेवा. नाही वळले. मी घाबरले म्हणून नव्हे, शपथ घेऊन सांगते. मला वाटलं, वळून बघितलं आणि तिथे कुणी नसलं, तर? मग आप्पांचा हात कायमचा गेला. मी गमछ्याखाली डोळे इतके घट्ट मिटले की दुखायला लागले. आणि मनात म्हणत राहिले, माय, मी झोपलेय. खेळ तू. मी झोपलेय.

कधी डोळा लागला कळलं नाही. उठले तेव्हा साडेचार झाले होते. आप्पा कॉटवर बसलेले, बोंड्या ढगांत. रिमोट मी सगळीकडून बोट फिरवून पाहिला. कोरडा, स्वच्छ. आप्पांनी मला बघून अंगठा ओठांना लावला. चहा हवा होता.

तो अंगठा उजवा होता.

आज या गोष्टीला चार महिने होत आले. आप्पा उजव्या हाताने वरणभात कालवून खातात. निम्मा सांडतात, कुणाला पुसू देत नाहीत. वाचा आलेली नाही, बहुधा येणारही नाही. वजन भरलंय. सुट्टीच्या दिवशी मी तीन ते साडेचार भिंतीकडे तोंड करून झोपते. शाळेच्या दिवशी सकाळचं सत्र आटपून धावत घरी येते आणि झोपते. नितीन म्हणतो, एक छोटा कॅमेरा लावू. त्याने आणलाही आहे. मी त्याला सांगितलंय, लावलास तर तूच माहेरी जा. तुम्हीही कुणी तसा सल्ला देऊ नका. मला समजत नाही असं नाही.

पण एक गोष्ट मला टोचत राहते. माय इतकी वर्षं माझ्याशी खेळली आणि आता येते ती आप्पांसाठी. मी तिला हाकलली म्हणून? गेल्या रविवारी मी धीर करून आप्पांना विचारलं, "माय माझ्यावर रागावलीय का?"

आप्पांनी रिमोट ठेवला. शोकेसच्या बाजूला खाली पाहिलं, जणू माझा प्रश्न पुढे दिला. मग उजवा हात उचलला, दोन बोटं स्वतःच्या मिटलेल्या पापण्यांवर ठेवली, आणि तोच तळवा माझ्या डोक्याच्या दिशेने धरला.

ही खूण मला येत नाही. मी आप्पांच्या जुन्या जोडीदाराला, सुकलाल काकांना फोन केला. तीस वर्षं ते आप्पांच्या शेजारच्या लूमवर होते. त्यांनी मला दोनदा वर्णन करायला लावलं आणि म्हणाले, "नही वं पोरी, आपला खातामा अशी खूण नही व्हती." आप्पांना पुन्हा विचारलं तर ते नुसते हसतात.

कदाचित ती म्हणाली असेल, बघू नकोस. कदाचित म्हणाली असेल, डोळे मिटलेस ते बरं केलंस. मला माहीत नाही, आणि हे लिहूनही काही उलगडलं नाही. मी आपला माझ्यापुरता अर्थ लावलाय — दमलीस, झोप आता. दुपारचे पावणेतीन झालेत. गादी टाकते.